फ्लॉसीचे बारा गुण

रंगभूमीने मला टाळ्या पुष्कळ दिल्या. त्यातल्या निम्म्या खरं तर ज्युलियस तुस्कानोच्या नावावर जमा व्हायला हव्या होत्या. तो आमचा प्रॉम्प्टर. वसईच्या होळी बाजाराच्या पुढे आमचं गाव, आणि दर मे महिन्यात गावच्या क्रुसाचा सण आला की क्रुसासमोरच्या मोकळ्या जागेत फळ्यांचा रंगमंच बांधून नाटक व्हायचं. मी त्या काळी मुंबईच्या एका नाटक कंपनीत होतो, तोंडाला रंग लावून गावोगाव फिरत होतो. पण मे महिन्यातला तो एक प्रयोग मी कधी चुकवला नाही. मोठमोठ्या थिएटरांत घाबरलो नसेन इतका मी गावात घाबरायचो, कारण पहिल्या रांगेत आई बसलेली असायची आणि माझ्या चुका शेजारणीला मोठ्याने सांगायची तिला सवय होती. अशा वेळी डाव्या विंगेत स्टुलावर बसलेला ज्युलियस दिसला की जिवात जीव यायचा.

अंगाने किडकिडीत, नाकावर जाड काचांचा चष्मा, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. आवाज असा की नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला जाऊ नये. प्रॉम्प्टर अख्खं वाक्य सांगत सुटला की नट आणखी बावचळतो, हे त्याला कुणी न शिकवता कळलं होतं. तो फक्त पहिला शब्द पुरवायचा. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरा. तिसरा शब्द त्याने कुणाला पुरवल्याचं मला आठवत नाही. तो म्हणायचा, बाकीचं सगळं त्याच्या पोटात असतंच, दार तेवढं अडकलेलं असतं.

एरवी, म्हणजे वर्षाचे बाकीचे दिवस, ज्युलियस शिक्षक होता. बाजाराच्या मागे भाताच्या एका जुन्या गोदामात वाणिज्य वर्ग भरायचा. वसईच्या पूर्वेला तेव्हा कारखान्यांचे गाळे उभे राहू लागले होते आणि त्यांच्या कचेऱ्यांना कारकून हवे होते. म्हणून मॅट्रिक झालेल्या मुलामुलींसाठी हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला होता: हिशेबलेखन, पत्रव्यवहार, टंकलेखन, कार्यालयीन कामकाज. प्रमाणपत्र मुंबईतल्या एका संस्थेचं, शिकवणं ज्युलियसचं. वाडीत केळी आणि पानवेली लावणाऱ्यांच्या मुली त्या गोदामात शिरायच्या आणि दोन वर्षांनी टाइपरायटरवर न बघता बोटं चालवत बाहेर पडायच्या. गोदामात भाताचा वास शेवटपर्यंत राहिला. पावसाळ्यात उंदीर टाइपरायटरची फीत कुरतडायचे, ती ज्युलियस स्वतः बदलायचा.

त्र्याऐंशी साली त्याच्या वर्गात फ्लॉसी होती.

फ्लॉसी म्हणजे सेबेस्टियनची मुलगी. सेबेस्टियनची वाडी ज्युलियसच्या घराला लागून. मधे फक्त एक बावखल, म्हणजे वाडीला पाणी देणारं आमच्याकडचं लहानसं तळं. फ्लॉसीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभा राहिला होता तो ज्युलियसच. आमच्यात एकाने दुसऱ्याच्या मुलाला बाप्तिस्म्याला धरलं की ते दोघे बाप एकमेकांचे कुपारी होतात. मग नावाने हाक मारायची नाही. सेबेस्टियन बावखलाच्या पलीकडून ओरडायचा, "कुपारा, विडी आहे का?" आणि ज्युलियस, ज्याने जन्मात विडी ओढली नव्हती, खास कुपाऱ्यासाठी ठेवलेलं बंडल घेऊन काठाकाठाने जायचा. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. फ्लॉसी लहानपणी नाटकाच्या तालमीला त्याच्या स्टुलाशेजारी मांडी घालून बसायची. माझी भाषणं तिला माझ्याआधी पाठ व्हायची, आणि मी चुकलो की ती ज्युलियसच्या ओठांकडे बघून हसायची.

वर्गात मात्र ती त्याला सर म्हणायची आणि तो तिच्याकडे बघायचाच नाही. त्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक म्हणून बसला असताना त्याने आपल्या पुतण्याला पहिलं बक्षीस दिलं होतं. मुलगा चांगला बोलला होता, मी स्वतः ऐकलं होतं. पण बेकरीपुढे पावाच्या रांगेत वर्षभर तेच चाललं: तुस्कानोंचं बक्षीस घराबाहेर जातंय कशाला. ज्युलियसने पाव आणणं बंद केलं. वर्षभर त्याच्या घरी भाकरीच होती, आणि त्याबद्दल त्याच्या बायकोने, थेरेसाने, त्याला जे काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

आता परीक्षेकडे येतो. शेवटच्या श्रेणीचा हिशेब पाचशे गुणांचा. चार लेखी विषय शंभर-शंभरचे, वर्षभराच्या वर्गकामाला पन्नास आणि तोंडी परीक्षेला पन्नास. तीनशे पंचाहत्तरपासून पुढे विशेष श्रेणी, त्याखाली पहिली, मग दुसरी. पहिली श्रेणी वाईट नव्हती, पण पूर्वेचा रंगाचा कारखाना, जो दर वर्षी आमची एक-दोन मुलं घ्यायचा, तो विशेष श्रेणीखालच्या कुणाला दारात उभं करत नसे. त्या वर्षी तीन मुलांच्या त्यावर नजरा होत्या. त्यात एक फ्लॉसी आणि दुसरी पाचूबंदरची जिजा. जिजाचा बाप मासेमारीला जायचा, आई सुकट विकायची. जिजा पहाटे बंदरावर टोपल्या उचलून मग वर्गाला यायची आणि टाइपरायटर असा बडवायची की शेजारची मुलं स्वतःच्या यंत्राचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तक्रार करायची.

तोंडी परीक्षेला विरारहून चुरी सर यायचे. प्रश्न तेच विचारायचे, गुणही तेच द्यायचे. ज्युलियस वर्गशिक्षक म्हणून टेबलाच्या कोपऱ्याला नुसता बसायचा. चुरी सर कचेरीतल्या साहेबासारखे बसायचे आणि मुलांनी कारकुनासारखं उत्तर द्यायचं. घरी मराठीही आमच्या बोलीत बोलणारी, साहेब म्हणून फक्त पाद्र्याला बघितलेली ती मुलं. उभी राहिली की त्यांना पहिला शब्दच सुचायचा नाही. आणि तिथे ज्युलियसमधला प्रॉम्प्टर जागा व्हायचा. मूल अडलं की त्याचे ओठ आपोआप हलायचे. एक शब्द, बिनआवाजाचा. मुलं चुरी सरांकडे बघत उत्तर देत, पण अडलं की डोळे कोपऱ्याकडे जात, तिथून शब्द उचलत आणि पुढे सुटत. वर्गात सगळ्यांना ते ठाऊक होतं. ज्युलियसला वाटायचं, चुरी सरांना ठाऊक नाही.

त्या वर्षी जिजाला चुरी सरांनी विचारलं, सकाळी टपाल आलं, आधी काय करशील? ती थिजली. ज्युलियसच्या ओठांवर ‘आवक’ आलं, आणि जिजा आवक नोंदवहीपासून जी निघाली ती उत्तराची प्रत फायलीला लावेपर्यंत थांबली नाही.

मग फ्लॉसी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिने नीट दिलं. दुसरा प्रश्न होता, मागवलेल्यापेक्षा माल कमी आला तर काय करशील. माल आणणारा माणूस सोबत चलन आणतो, त्यावर काय काय पाठवलं ते लिहिलेलं असतं. आधी ते मागणीशी ताडून बघायचं. वर्गात हेच उत्तर फ्लॉसीने दुसऱ्या मुलांना समजावून दिलं होतं. पण त्या क्षणी ‘चलन’ हा शब्द तिच्या तोंडी येईना. तिने कोपऱ्याकडे बघितलं.

ज्युलियसने ओठ मिटून घेतले.

हे मला त्याने स्वतः सांगितलं, ते मे महिन्याच्या एका रविवारी दुपारी. मी सणासाठी गावी आलो होतो आणि तालमीचं विचारायला त्याच्याकडे गेलो, तर तो ओट्यावर गुणांचे तक्ते पसरून बसला होता. लेखीचे गुण मुंबईहून आले होते, श्रेण्या काढून तक्ता परत पाठवायचा होता. "आलास बरं झालं," तो म्हणाला, "तुझा आवाज मोठा आहे. वाच." म्हणून मी गुण वाचू लागलो आणि तो बेरजा मांडू लागला. नट जातीचा मी. नापासाचे गुण करुण आवाजात, पासाचे वीररसात. ज्युलियसला एरवी हसू आलं असतं.

जिजाची बेरीज तीनशे सत्त्याहत्तर. मी तिथे जरा थांबून काल्पनिक पडदा पाडला. पुढचं नाव फ्लॉसीचं. लेखी चार विषयांचे मिळून तीनशे वीस, वर्गकामाचे एक्केचाळीस, तोंडी बारा.

"तोंडी किती?" त्याने विचारलं, जणू त्याला माहीत नव्हतं.

"बारा."

त्याने बेरीज मांडली. तीनशे त्र्याहत्तर. मग पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि तीच बेरीज खालून वर केली. आकडा काही हलला नाही. मी म्हणालो, दोनच तर गुण आहेत, नापासाला देता तसे सवलतीचे दे. तो म्हणाला, सवलत बुडणाऱ्याला असते, वर चढणाऱ्याला नसते, तसा नियमच आहे. मग मी विचारलं, एवढ्या हुशार मुलीला तोंडीत बारा कसे?

तेव्हा त्याने सांगितलं. माझ्याकडे न बघता, बावखलाकडे बघत. त्या दिवशी त्याने बावीस मुलांपैकी जो जो अडला त्याला शब्द पुरवला होता. एकटीला नाही. टेबलाशी बसल्यावर त्याला ती पावाची रांग आठवली. खिडकीत इतर मुलं उभी होती. त्याला वाटलं, हिला शब्द पुरवताना कुणी बघितलं तर म्हणतील, धर्मबापाने पार केलं. आणि तो गप्प बसला. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. पुढच्या प्रश्नांना तिचं धैर्यच उरलं नव्हतं.

"मी तिचं काही काढून घेतलं नाही, फेबियन," तो म्हणाला. "सगळ्यांना दिलं ते तिला दिलं नाही, एवढंच. पण ते मला काढून घेण्यापेक्षा वाईट वाटतं."

मी त्याला सांगितलं, तक्ता पाठवू नकोस, आधी चुरी सरांकडे जा. खरं तर हे सांगायला माझं काय जात होतं. मी रंग पुसून महिनाअखेरीस मुंबईला जाणारा माणूस. रांगेत त्याला उभं राहायचं होतं.

तो गेला. सोमवारी विरारला जाऊन चुरी सरांना त्याने सगळं सांगितलं. चुरी सर आपल्या वाडीत चिकूच्या झाडांना पाणी देत होते. त्यांनी पाणी बंद केलं नाही, ज्युलियसकडे वळूनही बघितलं नाही. म्हणाले, तुमचे ओठ हलतात हे मला पहिल्या वर्षापासून दिसतंय, तुस्कानो. ज्याला शब्द मिळतो त्याचे मी चार गुण कापतो आणि पुढचं जे तो स्वतःचं बोलतो त्याचे देतो. त्या मुलीला शब्द मिळाला नाही, म्हणून मला वाटलं, तिचा अभ्यासच नाही आणि तुम्हाला ते ठाऊक आहे.

म्हणजे ज्युलियसच्या मौनाची साक्ष काढून त्यांनी गुण दिले होते. हे ऐकून तो चिकूच्या आळ्याशीच खाली बसला.

उपाय होता. प्रमाणपत्रं छापून येईपर्यंत तोंडी परीक्षा पुन्हा घेता येत होती. पण त्याचं कारण लिहून द्यावं लागणार, खाली ज्युलियसची सही, आणि ते पत्रक वर्गाच्या फलकावर लागणार. ‘वर्गशिक्षकाने या विद्यार्थिनीला इतरांसारखं वागवलं नाही.’ चुरी सर म्हणाले, लिहून आणा, मी परत येतो.

ज्युलियसने लिहिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा तक्ता गेला होता. त्याने मला कारणं सांगितली. पत्रक वाचून लोक आधी विचारतील, फेरपरीक्षा कुणाची? धर्मकन्येची. पुढचं कुणी वाचणारच नाही. शिवाय पहिली श्रेणी काही कमी नाही, दुसरीकडे कुठेतरी लागेल तिला. एकामागून एक कारणं सांगत होता, आणि पाठ नसलेला नट जसा घाईघाईने बोलतो तसा बोलत होता.

निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी सेबेस्टियन बावखलाच्या काठाने आला, मागे फ्लॉसी. त्याच्या हातात सुकेळ्यांचा पुडा होता. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली सुकेळी, केळीच्याच सोपटात, म्हणजे खोडाच्या सालीत, बांधलेली. सेबेस्टियनच्या वाडीची सगळ्या पट्ट्यात नावाजलेली होती. त्यांच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. पोरीला पहिली श्रेणी मिळाली, याचा त्याला एवढा आनंद झाला होता की त्याने नवा सदरा घातला होता.

"कुपारा," तो म्हणाला, "बाप्तिस्म्याला धरलंस ते आज फेडलंस."

ज्युलियसने पुडा घेतला. मी ओट्यावर बसलो होतो. फ्लॉसी बापाच्या मागे उभी होती आणि ओट्याच्या पायरीकडे बघत होती. तिने ‘थँक्यू सर’ म्हटलं. काका नाही, सर. ते लोक गेल्यावर थेरेसा म्हणाली, पुडा सोडू का? ज्युलियस म्हणाला, राहू दे. पुडा फडताळावर गेला आणि तिथेच राहिला.

प्रमाणपत्राची चौकशी करायला जिजा आली ती त्याच आठवड्यात. तिला कारखान्याचं बोलावणं आलं होतं. ती सरांच्या पाया पडली, ज्युलियसला ते आवडत नसे तरी पडली, आणि उठून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सर, एक इचारू?" ती म्हणाली. "मना तुमी आवक दिलं. फ्लॉसीला का नाय दिलं?"

ज्युलियसने चष्मा पुसला. म्हणाला, माझं लक्ष नव्हतं. जिजा म्हणाली, लक्ष तर होतं, मी खिडकीतनं बघत होती. मग ती गेली. ज्या खिडकीपासून त्याने नातं लपवायला बघितलं होतं, तिथूनच ते सगळ्यांना दिसलं होतं. उलट्या बाजूने.

सणाच्या दिवशी नाटक. मी त्यात एका म्हाताऱ्या तांडेलाचं काम करत होतो. वादळात गलबत हाकणारा, मुलाला किनाऱ्यावर सोडून गेलेला. क्रुसाला झेंडूच्या माळा, समोर सगळं गाव, आई पहिल्या रांगेत. दुसऱ्या अंकात माझं मोठं भाषण होतं. अर्ध्यात मी अडलो. असं होतं, कितीही मुरलेल्या नटाचं होतं. घाबरलो नाही. नेहमीप्रमाणे नजर डाव्या विंगेत टाकली.

ज्युलियस स्टुलावर होता. वही त्याच्या मांडीवर उघडी होती, बोट बरोबर त्या ओळीवर होतं. त्याने ओठ उघडले. शब्द आला नाही. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं की आता येणारच नाही. पुढे आई शेजारणीला सांगत होती, विसरला.

मग शब्द आला. हलका, स्पष्ट, एकच: "सुकाणू." मी तो उचलला आणि भाषण शेवटापर्यंत नेलं, टाळ्याही घेतल्या. विंगेत गेलो तेव्हा बघितलं, स्टुलामागे नटांना लुगडी आणि पगड्या काढून देणारी फ्लॉसी उभी होती. तिने वहीकडे बघितलंही नसणार. तालमी ऐकून भाषण तिला पाठ होतं.

माझा पुढचा प्रवेश यायला वेळ होता. मी घाम पुसत तिथेच उभा राहिलो, म्हणून पुढचं मी ऐकलं. रंगमंचावर दोन विनोदी पात्रं लोकांना हसवत होती, आणि विंगेत ज्युलियस खालच्या आवाजात, आयुष्यभर जो आवाज त्याने दुसऱ्यांसाठी वापरला त्याच आवाजात म्हणाला:

"फ्लॉसी, तुला तो शब्द मी मुद्दाम पुरवला नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी तुमच्या ओठांकडे बघत होते. तुम्ही ते दाबून धरले होते."

"लोक बोलतील म्हणून."

"मला वाटलं, मी तुमची कुणी आहे हे तुम्हाला लपवायचंय." तिने हातातली पगडी उगाच सारखी केली. "महिनाभर मला तेच वाटतंय, काका. गुणांचं नंतर वाटलं."

बाहेर लोक हसत होते.

"मग आता?" तिने विचारलं.

हे दोन शब्द तिने अगदी साधेपणाने विचारले, भाजीचा भाव विचारावा तसे. माफ केलं असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर, मला वाटतं, ज्युलियस रडला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. पत्रक कधी लिहिलं गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं. चांगल्या अक्षरात, कार्यालयीन पद्धतीने, विषय आणि संदर्भासकट. मुलांना तो शिकवायचा की पत्रात मुद्दा पहिल्या परिच्छेदात यावा, तसा तो आला होता: सर्व विद्यार्थ्यांना केलेली मदत मी या एका विद्यार्थिनीला केली नाही, ती माझी धर्मकन्या आहे हेच त्याचं कारण आहे, दोष तिचा नाही. ‘दोष तिचा नाही’ हे शेवटचं वाक्य चुरी सरांनी खोडायला सांगितलं, कचेरीच्या पत्रात असं लिहीत नाहीत म्हणून. ज्युलियसने खोडलं नाही. चार टाचण्यांनी पत्रक फलकाला लावलं आणि मग तो सेबेस्टियनकडे गेला.

तिथे काय झालं ते मला सेबेस्टियननेच सांगितलं. तो म्हणाला, मी आधी समजलोच नाही, मला वाटलं कुपारी आजारी आहे. समजल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, माझ्या पोरीपेक्षा तुला बेकरीची रांग मोठी? तो हो म्हणाला. हो म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? सेबेस्टियन त्या दिवसापासून त्याच्याशी बोलेनासा झाला. बावखलाच्या पलीकडून विडीसाठी हाक येईनाशी झाली.

फेरपरीक्षेला चुरी सर ठरल्या दिवशी आले. ज्युलियस आत बसला नाही. गोदामाबाहेर भेंडीच्या मोठ्या झाडाखाली उभा राहिला, आणि मी त्याच्या सोबतीला. आतून नुसते आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. एकदा तिचा आवाज अडकला, तेव्हा मी बघितलं, ज्युलियसचे ओठ आपोआप हलत होते. कुणाला दिसणार नाही अशा जागी उभा राहून तो शब्द पुरवत होता.

फ्लॉसी बाहेर आली ती घामाघूम होऊन. तो पुढे झाला नाही. मीच विचारलं, अडलीस का? ती म्हणाली, अडले. पण थांबले, श्वास घेतला, आणि आला. चुरी सरांनी चौतीस गुण दिले होते. नवी बेरीज तीनशे पंच्याण्णव, विशेष श्रेणी. ज्युलियसने तक्ता दुरुस्त करून त्याच दिवशी पाठवला.

ही सुखान्त गोष्ट आहे असं म्हणायला मला आवडलं असतं. माझ्या धंद्यात शेवटी बँड वाजवायची पद्धत होती. पण दुरुस्त तक्ता पोचेपर्यंत कारखान्याने माणसं घेतली होती. फ्लॉसीला पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. ते वर्ष तिने आईबरोबर पहाटे फुलांच्या पाट्या उचलण्यात काढलं. वाडीतून डोक्यावर मोगऱ्याची पाटी घेऊन ती ज्युलियसच्या ओट्यासमोरून जायची. तो तेवढ्या पहाटे उठून ओट्यावर येऊन बसायचा. थेरेसाने विचारलं, तुला शाळा नऊला, तू आता उठून काय करतोस? तो म्हणाला, मी आत निजलोय आणि ती पाटी घेऊन जातेय, हे मला जमत नाही.

आणि पावाच्या रांगेत त्याला जे ऐकायची भीती होती, तेच अक्षरशः झालं. पत्रक पूर्ण कुणी वाचलं नाही. "धर्मबाप असावा तर असा," एक बाई त्याच्या तोंडावर म्हणाली, "बाराचे चौतीस करतो." या वेळी ज्युलियसने पाव आणणं बंद केलं नाही. रोज सकाळी रांगेत उभा राहायचा, ऐकायचा, पाव घेऊन घरी यायचा. मी म्हटलं, अरे, खरं काय ते सांग तरी. तो म्हणाला, खरं फलकावर लावलंय. हे बोलणं मात्र मी आधीच ऐकून घ्यायला हवं होतं, तो म्हणाला, तिची परीक्षा चालू असताना. आता ऐकून उधारी फेडतोय.

पुढच्या वर्षी कारखान्याने फ्लॉसीला घेतलं. जिजा तोवर तिथे रुळली होती, तिनेच फ्लॉसीला आपल्या शेजारचं टेबल मिळवून दिलं. त्या दोघी पुढे तिथल्या सगळ्या खरेदी-विक्रीचं काम बघू लागल्या, असं मी ऐकत असे. ज्युलियसने शिकवण्याची पद्धत बदलली. तोंडी परीक्षेला तो आता दाराबाहेर बसायचा, आणि वर्षभर आधीपासून मुलांना रोज एकेकाला उभं करून मुद्दाम अडवायचा, थांबायला लावायचा, श्वास घ्यायला लावायचा. विंगेत मात्र तो पुन्हा बसला नाही. मी विनवण्या केल्या. ते स्टूल त्याने फ्लॉसीला दिलं, आणि माझी पुढची सगळी वर्षं तिच्या आवाजावर निभावली.

मी आता एव्हरशाईन सिटीत लेकीकडे राहतो. सातव्या मजल्यावरून बावखल दिसत नाही, आणि होळीच्या बाजूचं ते गोदामही पाडलं म्हणतात. पण ज्युलियसची आठवण काढली की मला तो नाटकातला दिसत नाही. त्या पुढच्या मे महिन्यातला दिसतो. फ्लॉसी नोकरीला लागून काही आठवडे झाले होते. ती एकटीच बावखलाच्या काठाने आली, हातात नवा पुडा. फडताळातला जुना पुडा तिला दारातूनच दिसला. वर्षभर कुणी हात लावला नव्हता, सोपट वाळून पांढरं पडलं होतं.

"तो सोडलाच नाही तुम्ही," ती म्हणाली.

ज्युलियस म्हणाला, तो माझा नव्हता. तुझ्या बापाने पहिल्या श्रेणीचे आभार म्हणून दिला होता.

तिने जुना पुडा उचलून बाहेर केळीच्या बुंध्याशी टाकला. नव्या पुड्याची दोरी सोडली, एक सुकेळं त्याच्या हातावर ठेवलं आणि समोर उभी राहिली, तो खाईपर्यंत. तो खाऊ लागला. सावकाश, शिक्षा झालेल्या मुलासारखा, एकेक घास चावून. पलीकडून सेबेस्टियनचा आवाज आला, वर्षभरात पहिल्यांदा, "कुपारा, विडी आहे का?"

ज्युलियसचं तोंड भरलेलं होतं. उत्तर त्याला देता येईना. त्याने फ्लॉसीकडे बघितलं.

तिने त्याच्या वतीने ओरडून सांगितलं, "आहे."